जबड्याला तार बांधून घरी आल्यावर

मोटारसायकलवरून पडून खालचा जबडा मोडलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे तपासणीसाठी येतात. प्लेट बसली म्हणजे काम संपले, असा बहुतेकांचा समज असतो. मी त्यांना सांगतो, अर्धी काळजी अजून घरी घ्यायची आहे.

सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते, मग उतरू लागते. त्यानंतरही ती वाढत असेल, ठणका, ताप किंवा तोंडात पू येत असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी व शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. दुकानातून गोळ्या आणून दुखणे दाबू नये. तंबाखू, मावा, विडी पूर्ण बंद ठेवावी. त्याने जखम चिघळते, हाड उशिरा सांधते. दात पूर्वीसारखे जुळत नसतील तर लगेच सांगावे. हाड वाकडे सांधले, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. जबड्यातील नस दुखावल्यास खालचा ओठ व हनुवटी बधिर होते. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परतते, काहींची मात्र पूर्ण परतत नाही.

दोन्ही जबडे तारेने एकत्र बांधले असतील, साधारण ४ ते ६ आठवडे, तर दारू वर्ज्य. कोणती तार कापायची, हे घरच्यांनी सुटीपूर्वीच डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. उलटी झाल्यास रुग्णाला पुढे वाकवावे, म्हणजे ती दातांच्या फटींतून बाहेर पडते. श्वास कोंडला तर मात्र आधी तार कापावी, मग दवाखाना गाठावा. त्यासाठी तार कापायची पक्कड कपाटात नव्हे, उशाशी ठेवावी.