हलक्या पॅनेलची घरघर

प्रोपेलरच्या विमानात घुमणारा आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. महाराष्ट्रातल्या लहान विमानतळांवर उतरणाऱ्या एटीआर-७२ च्या प्रोपेलरला सहा पाती असतात आणि उड्डाणात तो मिनिटाला सुमारे १,००० फेरे घेतो. म्हणजे विमानाच्या कवचावर सेकंदाला साधारण १०० धक्के. या आवाजाची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर. अस्तरातला दोन-तीन इंची फोम त्याला काय अडवणार!

भिंत जड केली की आवाज अडतो. वजन दुप्पट केलं, तर साधारण ६ डेसिबलनं. विमानात ती चैन परवडत नाही. तिथे थरांची पॅनेलं वापरतात: बाहेरून दोन पातळ, कडक थर आणि मध्ये षटकोनी घरांचा पोकळ गाभा. ती हलकी आणि ताठ असतात, आणि नेमकी म्हणूनच आवाज पलीकडे सहज जाऊ देतात.

यावरचा एक उपाय स्वयंपाकघरातल्या लायटरच्या जातीचा आहे. लायटरचा खटका दाबला की आतल्या पीझोइलेक्ट्रिक तुकड्यावर आघात होतो आणि ठिणगी उडते. दाबातून वीज देणारा हा गुण जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. वीज दिली की असा पदार्थ आकारही बदलतो, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झालं.

आता पॅनेलवर अशा सिरॅमिकची पातळ पट्टी चिकटवा. पॅनेल थरथरलं की पट्टी ताणली-आवळली जाते आणि वीज तयार होते. ती वीज रोधात जिरवली की कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सोबत वेटोळं जोडून मंडल पॅनेलच्याच कंपनसंख्येला जुळवलं, तर परिणाम कितीतरी वाढतो. हेगुड आणि फॉन फ्लोटो या संशोधकांनी १९९१ मध्ये याचं गणित नीट मांडलं.

अडचण वेटोळ्यातच आहे. पट्टीची धारिता १०० नॅनोफॅरड धरली, तर १०० हर्ट्झसाठी सुमारे २५ हेन्रीचं वेटोळं लागतं. ते प्रत्यक्ष तारेचं केलं, तर वजनदार धूड होईल आणि वाचवलेलं वजन पुन्हा चढेल. म्हणून वेटोळ्यासारखं वागणारं इलेक्ट्रॉनिक मंडल वापरतात. त्याला थोडी वीज पुरवावी लागते. शिवाय तापमान बदललं की जुळणी ढळते.

जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. पॅनेल वाकतं तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो, जाडीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तिथे पुरलेली साधी पट्टी वाकण्याविरुद्ध काही करत नाही. मात्र गाभ्यात थर एकमेकांवरून सरकू पाहतात. त्या कर्तनासाठी वेगळ्या दिशेनं ध्रुवित केलेला तुकडा तिथेही उपयोगी पडतो.

बाजारात ही कल्पना आधी आली ती खेळाच्या सामानात. १९९० च्या दशकात के-टू कंपनीनं थरथर कमी करण्यासाठी स्कीमध्ये पीझो पट्ट्या बसवल्या. स्की हेसुद्धा थरांचं पॅनेलच.

माझं मत विचाराल, तर ठरावीक सुरातली घरघर आणि वजनाची टंचाई या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तिथेच हा खर्च पटतो. घराच्या भिंतीला वजनाची चिंता नसते. तिथे विटांचा आणखी एक थर स्वस्त पडेल.