अंगधार्य संवेदक (कुमारांच्या क्रीडाप्रशिक्षणातील)

व्यायाम चालू असताना हृदयाची स्पंदने व शरीराच्या हालचाली यांची सतत नोंद करणारी, अंगावर बाळगता येणारी लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणे. व्यायामशाळेत कुमार खेळाडूंवर पडणारा भार अजमावण्यासाठी त्यांचा उपयोग करतात.

छातीवरील पट्ट्यातील विद्युत् अग्रे हृदयाच्या विद्युत् संकेतांवरून स्पंदने मोजतात. फिनलंडमधील पोलर इलेक्ट्रो (स्थापना १९७७) या कंपनीने असे बिनतारी उपकरण १९८२ मध्ये बाजारात आणले. मनगटावरील उपकरण त्वचेवर प्रकाश टाकते. रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परावर्तित प्रकाश कमीअधिक होतो व त्यावरून नाडी समजते. मात्र वजनाचा दांडा घट्ट धरल्यास ही नोंद चुकण्याचा संभव असतो. दांड्याला जोडलेला प्रवेगमापक उचलण्याचा वेग व पुनरावृत्ती नोंदवितो. तेच वजन उचलण्याचा वेग पुनरावृत्तीगणिक घटू लागल्यास थकवा ओळखून व्यायाम वेळीच थांबविता येतो.

धावण्यात स्पंदनगती हे श्रमाचे चांगले गमक असते. भारव्यायामात तसे नसते. जड वजनाच्या थोड्या पुनरावृत्तींनी सांधे व कणा यांवर मोठा ताण येतो; पण त्या मानाने स्पंदने वाढत नाहीत. कमाल स्पंदनगतीसाठी २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र मुलांच्या बाबतीत सामान्यतः फाजील आकडा देते. शिवाय उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत सुमारे १२ व्या आणि मुलग्यांत सुमारे १४ व्या वर्षी येतो. त्या काळात हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चांना अतिताणाने इजा होण्याचा धोका अधिक असतो. एकाच वयाच्या दोन मुलांची वाढ निरनिराळ्या टप्प्यांवर असू शकते. हे संवेदकाला कळत नाही.

म्हणून नोंदींच्या जोडीला उंचीचे नियमित मापन, उचलण्याच्या पद्धतीवर प्रशिक्षकाची नजर व खेळाडूचे स्वतःचे मत आवश्यक असते. अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांच्या पद्धतीत खेळाडू सत्रानंतर श्रमाला ० ते १० पैकी गुण देतो व ते सत्राच्या मिनिटांनी गुणतात. ६ गुण व ४५ मिनिटे असल्यास भार २७० येतो. नेहमीच्याच व्यायामाला गुण अधिक मिळू लागल्यास अपुरी झोप, आजार किंवा दुखणे यांची चौकशी करणे इष्ट ठरते.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. याच नोंदींवर संघनिवड होणार असे वाटल्यास मुले थकवा लपविण्याचा संभव असतो व मापनाचा मूळ हेतूच विफल होतो.