उपकरणाविना घनदर्शन : भूदृश्यांच्या जोडचित्रांची रचना व वाचन

बोलींच्या क्षेत्रपाहणीसाठी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर गेलेला विद्यार्थी परत येताना टिपणांबरोबर काही छायाचित्रेही आणतो. दरीच्या अलीकडील वस्ती आणि पलीकडील वस्ती या त्या छायाचित्रात एकमेकींस लागून असल्यासारख्या दिसतात. मधली दरी, तिचा उतार आणि ती ओलांडावयास लागणारा वळसा यांचा कागदावर मागमूसही उरत नाही. दोन वस्त्यांच्या बोलीत भेद का पडला याचा विचार करणाऱ्यास जो अडसर सर्वांत महत्त्वाचा, नेमका तोच पुराव्यातून नाहीसा झालेला असतो. ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारी एक जुनी आणि बिनखर्चाची पद्धती आहे. एकाच दृश्याची दोन छायाचित्रे थोड्या अंतरावरून घ्यावयाची आणि ती कोणत्याही उपकरणाविना, नुसत्या डोळ्यांनी, एकत्र पाहावयाची. प्रस्तुत लेखात या घनदर्शनाचे तत्त्व आणि कृती सांगण्याचा विचार आहे.

१. तत्त्व

आपल्या दोन डोळ्यांत सरासरी साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यामुळे समोरच्या वस्तूंची दोन किंचित भिन्न चित्रे दोन दृष्टिपटलांवर उमटतात. हाताचा अंगठा समोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, तर मागील भिंतीच्या संदर्भात अंगठा सरकलेला दिसतो. या सरकण्यास पराशय म्हणतात. वस्तू जितकी जवळ, तितका पराशय अधिक. मेंदू या भेदाचेच रूपांतर खोलीच्या प्रतीतीत करतो. भाषेत दोन ध्वनींतील भेदामुळे अर्थ संभवतो, एकट्या ध्वनीमुळे नव्हे, हे आपल्या विषयातील सूत्र येथे आठवल्यावाचून राहत नाही.

तथापि या शक्तीस मर्यादा आहे. सुमारे २० विकलांचा कोनभेद डोळ्यांस जाणवतो असे धरले, तर साडेसहा सेंटिमीटरांच्या अंतरामुळे मिळणारी खोलीची जाणीव सुमारे ६७० मीटरांपलीकडे संपते. त्यापुढील दोन डोंगररांगांतील अंतर आपण वस्तुतः पाहत नाही. अलीकडची रांग पलीकडचीला झाकते, पलीकडची निळसर व फिकट दिसते, यावरून ते आपण अनुमानाने जाणतो. म्हणून भूदृश्याच्या बाबतीत डोळ्यांचे नैसर्गिक अंतर अपुरे पडते आणि ते कृत्रिम रीतीने वाढवावे लागते.

२. पूर्वेतिहास

द्विनेत्री दृष्टीचे हे रहस्य चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. छायाचित्रणाची कला जाहीर होण्यास तेव्हा एक वर्ष अवकाश होता. म्हणून त्याने रेखाकृतींच्या जोड्या वापरल्या. त्या पाहण्यासाठी त्याने आरशांचे उपकरण रचले, परंतु नुसती दृष्टी वळवूनही दोन आकृती एक करता येतात हेही त्याने नमूद केले आहे. डेव्हिड ब्रूस्टर याने १८४९ मध्ये भिंगांचा घनदर्शक पुढे आणला आणि १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनानंतर त्याचा मोठा प्रसार झाला. पुढे १९६० मध्ये बेला युलेश याने केवळ विखुरलेल्या ठिपक्यांच्या जोड्या वापरून असे दाखवून दिले की, एकेका चित्रात कोणतीही आकृती ओळखू येत नसतानाही दोहोंच्या भेदातून खोली प्रत्ययास येते. वस्तूची ओळख ही खोलीची पूर्वअट नव्हे, हा त्याचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

३. चित्रे घेण्याची रीत

एक साधा कॅमेरा, किंबहुना हल्लीच्या भ्रमणध्वनीतील कॅमेराही, या कामास पुरतो. प्रथम एक चित्र घ्यावे, मग दृश्याच्या दिशेशी काटकोनात उजवीकडे सरकून दुसरे घ्यावे. या दोन स्थानांतील अंतरास आधाररेषा म्हणू. चित्रात येणाऱ्या सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग हे तिचे स्थूल प्रमाण होय. जवळची वस्तू ३ मीटरांवर असेल तर आधाररेषा १० सेंटिमीटर. दरीपलीकडचा कडा ६०० मीटरांवर असून अलीकडे काहीच नसेल तर २० मीटर. दूरदर्शी भिंग वापरल्यास हे प्रमाण बरेच कमी करावे.

तीन पथ्ये पाळावीत. कॅमेऱ्याची दिशा दोन्ही वेळा समांतर असावी. एकाच बिंदूकडे तो तिरपा वळविल्यास चित्रांच्या कडांशी उभा विसंवाद निर्माण होतो आणि डोळे शिणतात. दोन्ही स्थाने एका पातळीत असावीत व क्षितिज कलू नये. आणि दोन्ही चित्रे शक्य तितक्या लवकर एकापाठोपाठ घ्यावीत. मधल्या अवधीत ढग सरकला, तर ते सरकणेही डोळा पराशय म्हणूनच वाचतो आणि ढग डोंगराच्या पुढे लोंबकळताना दिसतो. डोंगरावरून धावणाऱ्या ढगांच्या सावल्यांचेही तसेच. दोघांनी ठरवून एकाच क्षणी चित्रे घेतल्यास हा दोष टळतो.

४. पाहण्याची रीत

पाहण्याच्या पद्धती दोन. समांतर पद्धतीत डाव्या स्थानावरून घेतलेले चित्र डावीकडे व उजव्या स्थानावरचे उजवीकडे ठेवतात. दोन्ही चित्रांतील समान बिंदूंमधील अंतर डोळ्यांतील अंतराहून अधिक नसावे. म्हणून प्रत्येक चित्राची रुंदी सहा सेंटिमीटरांच्या आसपास ठेवावी. जोडचित्र नाकाशी आणून, त्यातून आरपार दूर क्षितिजाकडे पाहत असल्याप्रमाणे दृष्टी सैल सोडावी आणि कागद सावकाश हातभर दूर न्यावा. दोनाची तीन चित्रे होतात. मधले स्थिर झाले की त्यावर लक्ष द्यावे.

तिर्यक् पद्धतीत चित्रांची अदलाबदल करतात. डोळे व चित्रे यांच्या मध्यावर पेन्सिलीचे टोक धरून त्याकडे पाहावे. मागे तीन चित्रे दिसू लागली की पेन्सिल हलकेच काढून घ्यावी. या पद्धतीत मोठी चित्रेही चालतात, मात्र दृश्य लहान व जवळ भासते.

प्रारंभी मधले चित्र अंधुक दिसते. डोळ्यांचे वळणे आणि भिंगाचे समायोजन या दोन क्रिया जन्मभर एकत्र घडत आलेल्या असतात. त्यांची फारकत करावयास सराव लागतो. एका बैठकीत काही मिनिटेच प्रयत्न करावा. तिरळेपणामुळे किंवा एक डोळा दुर्बल असल्यामुळे काही व्यक्तींस द्विनेत्री खोली दिसतच नाही; त्यांनी स्वतःस दोष देऊ नये.

चित्रांची बाजू चुकली तर खोली उलटते : दरी वर येते, कडा आत जातो. परंतु झाकणे व सावली ही अन्य लक्षणे त्यास विरोध करीत असल्याने दृश्य बहुधा नुसतेच गोंधळलेले वाटते. यावर साधी कसोटी आहे. ज्या चित्रात जवळचे झाड पार्श्वभूमीच्या मानाने अधिक उजवीकडे, ते डाव्या डोळ्याचे.

५. पुरावा म्हणून मूल्य

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आधाररेषा २० मीटर घेणे म्हणजे डोळ्यांतील अंतर सुमारे तीनशे पटींनी वाढविणे होय. साहजिकच ६०० मीटरांवरचा कडा जणू दोन मीटरांवर ठेवलेल्या प्रतिकृतीसारखा दिसतो. शिवाय जोडचित्र किती अंतरावरून पाहिले यावरही खोलीचे प्रमाण बदलते. म्हणून अशा चित्राने खोलीचा क्रम सिद्ध होतो, मोजमाप नव्हे. कोणती वस्ती अलीकडे, कोणती पलीकडे आणि मध्ये उतार कोठे सुरू होतो हे ते निःसंशय सांगते. दरी किती मीटर खोल हे मात्र नकाशावरूनच ठरवावे. चित्राखाली स्थान, दिशा, वेळ आणि आधाररेषेची लांबी नोंदविलेली नसेल, तर पुढच्या अभ्यासकाची त्याने दिशाभूलच होईल.

हेच तत्त्व शिलालेखाच्या वाचनासही लागू आहे. झिजलेल्या दगडाच्या एकाच छायाचित्रात अनुस्वार आणि डाग सारखेच दिसतात. जोडचित्रात कोरलेला बिंदू आत जातो आणि डाग पृष्ठभागावरच राहतो. दगडातील नैसर्गिक खळगाही आत जाणार, हे मात्र विसरू नये. तेथे निर्णय वाचकाच्या विवेकाचाच. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक महत्त्वाच्या चित्रानंतर चार पावले उजवीकडे जाऊन दुसरे चित्र घेण्याची सवय लावून घ्यावी. त्यास अर्धे मिनिट लागते. आणि ते न घेतल्यास, दरी ओलांडून पुन्हा तेथे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही.