मानाच्या पदाची निवड

काही पदे सत्तेची असतात, तर काही केवळ मानाची. नगरसेवकाच्या हाती पाणी, रस्ते आणि दिवे यांचा कारभार असतो. म्हणून त्याची निवडणूक कायद्याने बांधलेली असते. मंडळाचा प्रतिनिधी, संमेलनाचा अध्यक्ष किंवा स्वयंसेवकांचा प्रमुख यांना वेतन नसते आणि अधिकारही बेताचाच असतो. त्यांनी आपल्या समुदायाच्या वतीने चार लोकांत जावे, बोलावे, नवागतांचे स्वागत करावे, एवढीच अपेक्षा असते. अलीकडे गावोगावचे, किंबहुना देशोदेशींचे खेळाडू संगणकाच्या जाळ्यावर एकत्र येऊन खेळतात. त्यांचेही मोठे समुदाय बनतात आणि त्यांतून असे मानद दूत कधीकधी मतदानाने निवडले जातात. अशा पदामागे सत्ता नाही, तेव्हा निवड कशीही झाली तरी काय बिघडते, असे कोणास वाटेल. परंतु ज्याच्या पाठीशी सत्ता नाही, त्याच्या शब्दाला वजन येते ते केवळ निवडीच्या शुद्धतेमुळे. ती शुद्धता संशयास्पद ठरली, तर त्या पदात उरते काय?

मराठी भाषेपुरते पाहू गेल्यास अशा मानाच्या पदाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद होय. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या प्रयत्नाने १८७८ साली पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. पुढे १९६१ साली साहित्य महामंडळ स्थापन झाले आणि पुणे, मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील चार साहित्यसंस्था त्यात एकत्र आल्या. अध्यक्षाची मुदत वर्षाच्या आसपास असते. या काळात त्याने गावोगाव जाऊन वाङ्मयाविषयी बोलावे, अशी प्रथा आहे. आपल्या नाशिकने हे संमेलन १९४२, २००५ आणि २०२१ या साली भरविले. १९४२ च्या संमेलनाचे अध्यक्ष आचार्य अत्रे होते. नाशिकचे कविवर्य कुसुमाग्रज यांना हा मान १९६४ साली मडगावच्या संमेलनात मिळाला.

आता हे अध्यक्ष निवडीत कोण? २०१८ पर्यंत त्यासाठी मतदान होत असे. मराठी वाचणारे कोट्यवधी. परंतु मतदार मात्र हजाराच्या आसपास! घटकसंस्था व संलग्न संस्थांचे ठरावीक सभासद, यजमान संस्थेचे काही सभासद आणि माजी अध्यक्ष एवढ्यांनाच मताचा अधिकार होता. जो विद्यार्थी ग्रंथालयातून पुस्तके नेऊन वाचतो त्याला मत नव्हते, आणि जो शेतकरी रात्री दिव्याखाली कादंबरी वाचतो त्यालाही नव्हते. हा प्रश्न फार जुना आहे. १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांस गेले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे लोक सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभेत शूद्रातिशूद्रांचे हित कसे साधणार, असा त्या पत्राचा आशय होता. निवड कशी करावयाची, हे ठरविण्याआधी निवडणारे कोण, हे ठरवावे लागते. आणि माझ्या मते बहुतेक अन्याय या पहिल्या पायरीवरच घडून जातो. मग मोजणी कितीही चोख केली तरी त्याची भरपाई होत नाही.

दुसरी पायरी मतपत्रिकेची. संमेलनाच्या निवडणुकीत मतपत्रिका टपालाने घरी येत आणि टपालानेच परत जात. मतदान घरी होत असल्यामुळे तेथे पडदा नाही आणि पहारेकरीही नाही. उमेदवारांचे हितचिंतक घरोघर जाऊन कोऱ्या मतपत्रिका गोळा करतात, असा आक्षेप त्या काळी वारंवार घेतला जाई. सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराला आडोशाला उभे राहून एकट्याने मत द्यावे लागते. ती व्यवस्था मतदाराच्या सोयीसाठी नसून त्याच्यावर कोणाचे दडपण येऊ नये यासाठी आहे. वर्गात हात वर करून प्रतिनिधी निवडताना काय होते, ते तुम्ही पाहिलेच असेल. पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर केला की मागचे चारपाच हात आपोआप वर जातात. तेच चिठ्ठ्या टाकून मत घेतल्यास निकाल पुष्कळदा निराळा येतो.

तिसरी गोष्ट अशी की एका माणसाचे मत एकदाच मोजले गेले पाहिजे. यासाठी आपल्या देशात १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून डाव्या हाताच्या तर्जनीला न पुसणारी शाई लावतात. ती शाई म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते. संगणकावरच्या खेळाडूंपुढे नेमकी हीच अडचण उभी राहते. तेथे माणूस दिसत नाही, केवळ त्याने घेतलेले नाव दिसते. आणि एकच माणूस दहा नावे घेऊन बसला तर त्याच्या बोटाला शाई लावणार कोण? म्हणून खाते किती जुने आहे, त्या नावाने खरोखर खेळ खेळला गेला आहे काय, हे तपासूनच मताचा अधिकार देणे त्यांस भाग पडते.

आता मोजणीकडे वळू, कारण यात एक मौजेचे गणित आहे. समजा, चाळीस मुलांच्या वर्गात क, ख आणि ग असे तीन उमेदवार आहेत. क याला १६, ख याला १३ आणि ग याला ११ मते पडली. सर्वांत अधिक मते क याला, म्हणून तो निवडून आला. परंतु २४ मुलांना तो नको होता! हा दोष टाळण्यासाठी पसंतीक्रमाची रीत निघाली. नाशिक विभागातील शिक्षक विधानपरिषदेवर आपला आमदार याच रीतीने निवडतात. मतदार नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते कोणासही न मिळाल्यास शेवटच्या उमेदवाराला वगळतात आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांना देतात. आपल्या उदाहरणात ग गळाला. त्याच्या अकरा मतदारांपैकी नऊ जणांनी ख याला आणि दोघांनी क याला दुसरी पसंती दिली होती असे धरा. मग क याची मते होतात १८ आणि ख याची २२. मुले तीच, मतेही तीच, पण प्रतिनिधी बदलला! म्हणून मोजणीची रीत मतदानाआधीच ठरलेली आणि सर्वांस ठाऊक असली पाहिजे. निकाल पाहून रीत ठरविणे म्हणजे धावण्याची शर्यत संपल्यावर रेषा आखण्यासारखे आहे.

पुन्हा संमेलनाकडे येऊ. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी झालेल्या निवडणुकीत कवयित्री इंदिरा संत पराभूत झाल्या आणि विनोदी लेखक रमेश मंत्री निवडून आले. साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या ज्येष्ठ कवयित्रीच्या वाट्याला हा पराभव आल्याची हळहळ रसिकांनी वर्षानुवर्षे व्यक्त केली. मते मागत हिंडणे कित्येक थोर लेखकांना रुचत नसे, त्यामुळे ते उमेदवारीच करीत नसत. अखेर २०१८ साली महामंडळाने घटना बदलून मतदान बंद केले. घटकसंस्था नावे सुचवितात आणि महामंडळाच्या बैठकीत त्यांतून एक नाव निश्चित होते. या रीतीने पहिला मान अरुणा ढेरे यांना मिळाला. पुढे २०२१ च्या नाशिक संमेलनासाठी खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांची निवड झाली. त्या वेळी ते ८३ वर्षांचे होते आणि प्रकृतीमुळे आडगावच्या मंडपात येऊही शकले नाहीत. त्यांनी मतांसाठी गावोगाव प्रवास केला असता, अशी कल्पनाही करवत नाही. नव्या रीतीचा हा लाभ निर्विवाद आहे.

पण तिची किंमतही आहे. पूर्वी हजार जणांचा निर्णय आकड्यांत समोर येई. आता मोजक्या माणसांची चर्चा बंद दारामागे होते, आणि अमुक नाव का मागे पडले हे वाचकाला समजत नाही. पहिल्या ९१ संमेलनांत चारच स्त्रिया अध्यक्ष झाल्या, तर पुढच्या सातांत दोन. यावरून नवी रीत अधिक न्यायाची असे कोणी म्हणेल, परंतु सात हा आकडा एवढा निष्कर्ष पेलण्यास फार लहान आहे. कादंबरीकार रवींद्र शोभणे २०१८ च्या बडोदे संमेलनासाठी उमेदवार होते. त्या निवडणुकीत लक्ष्मीकांत देशमुख विजयी झाले आणि शोभणे हरले. मतदानाने झालेली ती शेवटची निवड. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२४ साली, अमळनेरच्या संमेलनाचे अध्यक्ष होते तेच शोभणे, आणि त्या वेळी त्यांच्यासाठी एकही मतपत्रिका छापावी लागली नव्हती.