टर्बो नंतर, आधी रबराचे पाइप : ३५ वर्षं जुनी मियाटा लोक घरच्या घरी कशी धावती ठेवतात?

एक रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. बॉनेट उघडलेली छोटीशी लाल गाडी, टी-शर्टवर ऑइलचे डाग पडलेला एक पोरगा, तीस सेकंदांत नवी चाकं, नवा सायलेन्सर आणि शेवटी एक दणदणीत आवाज. खाली हजारभर कमेंट, “भावा, मला पण अशी एक घ्यायचीय.”

रीलमध्ये जे दिसत नाही ते असं, की त्याच गाडीचा दाराखालचा पत्रा आतून गंजलेला असू शकतो. ब्रेक ऑइल आठ वर्षं जुनं असू शकतं. आणि तो पोरगा गाडीखाली शिरला तेव्हा गाडी नुसत्या जॅकवर उभी असेल, तर ती रील त्याची शेवटचीही ठरू शकते.

म्हणून आज विषय हाच. जुनी स्पोर्ट्स कार घरी सांभाळायची आणि सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं, आणि कशाच्या आधी काय करायचं? उदाहरणाला घेऊ जगातली सगळ्यात लाडकी ‘घरी दुरुस्त होणारी’ स्पोर्ट्स कार, माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा.

आधी ही गाडी कोण ते बघू

१९६० च्या दशकात ब्रिटिश कंपन्या छोट्या, उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाड्या बनवायच्या. चालवायला भारी, पण ऑइल गळणं आणि वायरिंगची कटकट ठरलेली. पुढे हा प्रकारच मागे पडला. बॉब हॉल या अमेरिकन वाहन पत्रकाराने माझदाला सुचवलं, की तशीच साधी गाडी पुन्हा बनवा, फक्त ती रोज सकाळी सुरू झाली पाहिजे.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये मियाटा लोकांसमोर आली. पुढे १.६ लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन साधारण साडेनऊशे किलो. ताकद म्हणाल तर ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे डोळे दिपावेत असं काही नाही. पण घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत तशी ती चालते, असं माझदा सांगत आली. २०१६ मध्ये या मॉडेलची दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

इंजिन साधं, जागा मोकळी, सुटे भाग भरपूर. त्यात अमेरिकेत गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर जाणं सर्रास. त्यामुळे लोकांनी घरीच पाने हातात घेतले आणि गेली तीसेक वर्षं ही गाडी हौशी मेकॅनिकची शाळा बनली.

पहिला धडा : किलोमीटर नाही, वय बघा

“गाडी ३० वर्षांची आहे, पण फक्त ४० हजार चालली आहे.” हे ऐकलं की खरेदीदार खूश होतो. इथेच फसगत होते.

रबर, तेल आणि प्लॅस्टिक किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. उभ्या गाडीतही कुलंटचे पाइप कडक होतात, सस्पेन्शनचे बुश चिरतात, टायर सुकतात. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१२१४’ म्हणजे २०१४ सालचा बारावा आठवडा. अशा टायरची नक्षी नव्यासारखी दिसली तरी पावसात त्याच्यावर विसंबू नका.

ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतला ओलावा शोषतं. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळतं, पाइपमध्ये बुडबुडे होतात आणि घाटात उतरताना पेडल थेट खाली जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालली असो वा नसो.

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकचा रंगही बघायचा. काळ्याचा तपकिरी झाला असेल तर ते फुटायच्या वाटेवर आहे. रस्त्यात वाफ निघण्यापेक्षा घरी बदललेलं बरं.

दुसरा धडा : पाणी कुठून जातं ते शोधा

मियाटा इंजिनाने क्वचितच मरते, ती गंजाने मरते. आणि त्याचं कारण अगदी फुटकळ असतं.

कापडी टपावर पडलेलं पाणी सीटच्या मागच्या पन्हळीत येतं. तिथून दोन बाजूंच्या दोन नळ्यांतून ते गाडीखाली, मागच्या चाकांच्या पुढे पडतं. या नळ्यांत पाला, माती अडकली की पाणी आत तुंबतं आणि दाराखालचा पत्रा आतल्या बाजूने खायला लागतं. बाहेरून रंग चकाचक. फुगवटा दिसेपर्यंत आतलं काम तमाम झालेलं असतं.

तपासायचं कसं? पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. दोन्ही बाजूंनी धार आली तर ठीक. नाही आली तर मऊ प्लॅस्टिकची दोरी घालून नळी मोकळी करा. टोकदार तार नको, ती नळीच फाडते. पाच मिनिटांचं हे काम टाळलं तर पुढे पत्रा कापून वेल्डिंग करायची वेळ येते.

तिसरा धडा : दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला नको

आता सगळ्यात शिकण्यासारखा भाग. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, तिथे खाली ऑइल टपकताना दिसतं. बघणारा लगेच म्हणतो, “मागचं मेन ऑइल सील गेलं.” ते बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. मोठा खर्च.

पण या इंजिनात मागच्या बाजूला, वर, कॅमशाफ्टच्या टोकाला एक सेन्सर बसवलेला असतो. त्याच्याभोवती एक छोटी रबरी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कडक होते, तिथून ऑइल पाझरतं, इंजिनाच्या मागून ओघळतं आणि नेमकं त्याच जागी थेंब थेंब पडतं. ओ-रिंगची किंमत एका वडापावच्या प्लेटच्या हिशेबात. मेहनत एवढीच, की हात पोचवायला जागा अडचणीची आणि सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करायची, नाहीतर इंजिनाचं टायमिंग हलतं.

म्हणून नियम असा : गळती दिसली की आधी सगळं पुसून कोरडं करा, गाडी थोडी चालवा, आणि ओलावा सगळ्यात वर कुठे दिसतो ते शोधा. ऑइल वरून खाली येतं. थेंब जिथे पडतो तिथे दुखणं असेलच असं नाही.

टायमिंग बेल्टचाही असाच हिशेब. तो साधारण ६० हजार मैलांनी, म्हणजे ९६ हजार किलोमीटरला बदलतात. पहिल्या पिढीच्या मियाटात बेल्ट तुटला तरी वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत, ही नशिबाची गोष्ट. बऱ्याच गाड्यांत ते आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्टसाठी एवढं खोललंच आहे तर पाण्याचा पंप आणि पुढची ऑइल सीलही त्याच वेळी बदलून घेतात.

फक्त १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत एक मेख आहे. त्यांच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. तिथला बोल्ट नेमक्या ताकदीने आवळला नाही तर आतली खाच झिजते आणि क्रँकच बाद होतो. ‘हाताला घट्ट लागला’ हे माप इथे चालत नाही. टॉर्क रेंच लागतोच.

मग अपग्रेड कधी?

आधी पोटोबा, मग विठोबा. वरचं सगळं झालं की मग.

क्रम साधा आहे. पहिले टायर, कारण रस्त्याला तेवढेच टेकतात. मग चांगले ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. मग बुश आणि शॉकअप, आणि त्यानंतर अलाइनमेंट. एवढ्यावर जुनी गाडी इतकी बदलते की बऱ्याच जणांना पुढे जावंसंच वाटत नाही. मूळ गाडीला १४ इंची चाकं होती. रीलमध्ये शोभतात म्हणून मोठी, जड चाकं घातली की हलकी गाडी अडखळायला लागते.

टर्बो सगळ्यात शेवटी, कारण तो एकटा येत नाही. ताकद वाढली की क्लच घसरतो. क्लच बदलला की १.६ च्या गाडीतला नाजूक डिफरन्शियल कुरकुरतो, म्हणून लोक १.८ च्या गाडीचा मोठा डिफरन्शियल शोधतात. उष्णता वाढली म्हणून रेडिएटर मोठा. वेग वाढला म्हणून ब्रेक मोठे. एका भागाचं बिल पाच भागांचं होतं.

घरी काय करायचं नाही

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. सपाट, पक्की जमीन, दोन जॅक स्टँड, मग गाडीला जोराने धक्का देऊन बघायचं, आणि मगच खाली. सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग, एअरबॅग आणि एसीचा गॅस ही कामं माहितगाराकडे द्या. ब्रेक स्वतः केले असतील तर रस्त्यावर काढण्याआधी मोकळ्या जागेत, अगदी हळू तपासा.

आपल्याकडे हे चालतं का?

देखभाल खुशाल करा. अपग्रेडचं मात्र जपून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी आरटीओत तपासली जाते, तेव्हा हे बदल अंगाशी येतात. म्हणजे मूळ मापाचे नवे टायर, नवे बुश, नवे पाइप यात अडचण नाही. इंजिन बदलणं किंवा टर्बो बसवणं हा वेगळा विषय आहे, त्यासाठी आधी आरटीओत विचारा.

गंमत बघा, खुद्द माझदानेही २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या मियाटासाठी रिस्टोरेशनची योजना जाहीर केली, तेव्हा ताकद वाढवायचं आमिष नव्हतं. कापडी टप, जुन्या मापाचे टायर, लाकडी स्टिअरिंग असे मूळ भाग पुन्हा बनवले.

तुमच्या दारात मियाटा नसेल. एखादी जुनी झेन किंवा एस्टीम असेल. पाणी, रबर आणि तेल यांचं गणित तिलाही तेच लागू. या रविवारी बॉनेट उघडा, एक वही घ्या, आणि कोणता भाग शेवटचा कधी बदलला ते लिहायला बसा. जिथे “आठवत नाही” असं लिहावं लागेल, कामाची सुरुवात तिथून.