मत नाही, माइक आहे

केनियाच्या संसदेचं वरचं सभागृह म्हणजे सिनेट. सदस्य 67. आता सांगा, एखादं विधेयक मंजूर व्हायला किती मतं लागतील? 34, असं तुम्ही पटकन म्हणाल. लागतात फक्त 24!

उरलेली दहा गेली कुठे? ती कुठेच गेली नाहीत, मुळात नव्हतीच. सिनेटकडे येतात ती काउंट्यांशी संबंधित विधेयकं. काउंटी म्हणजे स्वतःचा निवडून आलेला गव्हर्नर आणि स्वतःची विधानसभा असलेला जिल्हाच समजा. या विधेयकांवर मत माणसाला नसतं, काउंटीला असतं. 47 काउंट्या, 47 मतं. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेसारखंच. घरातली चार माणसं येऊन बसोत, तावातावाने बोलोत, मत फ्लॅटमागे एकच.

मग 67 जण कसे? 47 सिनेटर काउंट्यांतून थेट निवडून येतात. बाकीचे 20 पक्षांनी नेमलेले: 16 स्त्रिया, तरुणांचे दोन प्रतिनिधी आणि अपंगांचे दोन. या दोन्ही जोड्यांत एक स्त्री, एक पुरुष. नेमलेला सिनेटर ज्या काउंटीत मतदार म्हणून नोंदलेला असेल, त्या काउंटीच्या चमूत बसतो. चमूचा प्रमुख मात्र निवडून आलेला सिनेटरच. त्याने इतरांशी सल्लामसलत करायची, असं राज्यघटना बजावते; पण मत कुठे टाकायचं ते ठरवणार तो. तो गैरहजर असला आणि त्याने नाव सुचवलं, तरच दुसऱ्याला संधी.

गंमत अजून संपलेली नाही. बहुमत मोजायचं ते हजर काउंट्यांचं नव्हे, सगळ्या 47 काउंट्यांचं. म्हणजे चहा प्यायला बाहेर गेलेला प्रमुख आणि ठामपणे ‘नाही’ म्हणणारा प्रमुख, हिशेबात दोघेही सारखेच! 2020 मध्ये काउंट्यांना निधी वाटण्याचं सूत्र ठरवताना सिनेट याच आकड्यापाशी पुन्हा पुन्हा अडकली आणि 17 सप्टेंबरला एकदाची सुटली.

आता या 20 जणांपैकी एकीच्या खुर्चीत बसून बघा. क्रिस्टल असिगे. पेशाने गायिका, काचबिंदूमुळे दृष्टी गेलेली, 2022 मध्ये ओडीएम पक्षाने सिनेटवर नेमलेली. वरिष्ठ सभागृहात गायिका म्हटल्यावर आपल्याला लता मंगेशकर आठवणारच. पण राज्यसभेतल्या नियुक्त सदस्याला विधेयकावर मत देता येतं. असिगेबाईंना स्वतःच मांडलेल्या विधेयकावरसुद्धा स्वतःचं मत नाही!

मग हातात उरतं काय? भाषण. आणि इथेच या यंत्राची खरी मजा आहे. विधेयकाचं दुसरं वाचन सुरू झालं की बोलायचं ते भिंतींना ऐकू जावं म्हणून नव्हे. समोर 47 प्रमुख बसलेले असतात, त्यातले 24 वळवायचे असतात. मला तर वाटतं, ज्याच्याकडे मत आहे त्याला भाषणात आळस परवडतो. हिला एक वाक्यही वाया घालवून चालत नाही.

बोललेलं सगळं हॅन्सार्डमध्ये उतरतं. हॅन्सार्ड म्हणजे कामकाजाची शब्दशः नोंद. कोण काय बोललं ते तर असतंच, पण कंसात ‘हशा’ही छापलेला असतो, टाळ्याही असतात. आणि भाषेचा नियम ऐका. किस्वाहिली, इंग्रजी आणि केनियन खूणभाषा या तिन्ही संसदेच्या अधिकृत भाषा. हो, खूणभाषासुद्धा, आणि तीही थेट राज्यघटनेत लिहिलेली! पण ज्या भाषेत भाषण सुरू केलं त्याच भाषेत संपवायचं. ज्या नैरोबीत एका वाक्यात दोन-तीन भाषांची सर्रास खिचडी होते, तिथे हा नियम पाळायचा म्हणजे जिभेला लगामच की.

आणखी एक चक्रावणारी गोष्ट. ऑक्टोबर 2024 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गचाग्वा यांना पदावरून काढायचं की नाही, हा प्रश्न सिनेटपुढे आला. इथे अट एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांशांची, त्यामुळे प्रत्येक सिनेटरला स्वतंत्र मत. 67 पैकी 54 जणांनी पहिला आरोप मान्य केला आणि त्यांचं पद गेलं. म्हणजे देशातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस हटवायचा असेल तर नियुक्त सिनेटरचं मत पूर्ण धरलं जातं. अपंगांसाठी कायदा करायचा असेल तर ते चमूच्या मतात विरघळतं!

असिगेबाईंनी मांडलेलं अपंग व्यक्तींविषयीचं विधेयक सिनेटमधून पार पडलं. पुढचा मुक्काम होता खालचं सभागृह, नॅशनल असेंब्ली, 349 सदस्यांचं. तिथे सिनेटरला बोलण्याचीही सोय नाही. विधेयकाची बाजू तिथल्याच कुणीतरी लढवायची. तेही पार पडलं. मे 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी सही केली आणि 2003 चा जुना कायदा मागे पडला.