माती विकाल, पण कस राखाल ना?

सुगी आटोपली की वीटभट्टीवाला बांधावर येतो. "दादा, वीस गुंठे द्या, चार फूट माती नेतो," म्हणतो. घरात लग्न निघालेले असते, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते. रोख पैसा दिसला की मन डळमळते. माती द्यायची की नाही, हा निर्णय तुमचा. मात्र द्यायचीच असेल तर खोदाई कशी व्हावी, हे आधी ठरवा. नाहीतर पैसा वर्षात संपेल आणि पोरांच्या वाट्याला खड्डा येईल.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात काळी जमीन खोल आहे. पारनेर-पाथर्डीच्या माळावर मात्र हात-दोन हात खणले की मुरूम लागतो. वरची वीतभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. शेणखत, कुजलेली मुळे, जिवाणू, सारे याच थरात. जेसीबी तो एका दिवसात उचलतो.

गंमत अशी, की विटेलाही हा थर फारसा मानवत नाही. त्यातली मुळे आणि पाला भाजताना जळतात आणि विटेत पोकळी राहते. भट्टीला खालची चिकण माती हवी, पिकाला वरची. मग दोन्ही एकाच ट्रॉलीत का घालायच्या?

आता हिशेब करू. वीस गुंठ्यांवरची अर्धा फूट माती सुमारे १०९ ब्रास भरते. मोकळी झाली की ती फुगते, साधारण सव्वापट धरा. पाच फूट उंचीच्या ढिगाला तीन-साडेतीन गुंठे जागा लागेल. ही जागा आधीच राखून ठेवा. ओढ्याकाठी, उतारावर किंवा ट्रॉलीच्या वाटेत ढीग नको. त्याहून उंच ढीग केला तर आतली माती हवेवाचून निर्जीव होते.

त्यापेक्षा सोपी रीत पट्ट्यांची. पाच-पाच गुंठ्यांचे चार पट्टे आखा. पहिल्या पट्ट्याची वरची माती बाजूला रचा आणि खालची भट्टीला द्या. दुसऱ्या पट्ट्याची वरची माती उचलून थेट पहिल्या खड्ड्यात पसरा. असे करत शेवटच्या पट्ट्यात पहिला ढीग पसरायचा. ढीग लहान राहतो आणि दुबार हमाली वाचते. मधला मुरूम किंवा खडा निघाला तर त्याचा ढीग वेगळा ठेवा. तो आधी तळाशी जातो, कसदार माती सर्वांत शेवटी.

ओल्या मातीत यंत्र घालू नका, ती दबून घट्ट होते. ढीग पावसाळाभर राहणार असेल तर त्यावर ताग किंवा हुलगा पेरा आणि भोवती छोटा बांध घाला. खोदाई पाण्याच्या निचऱ्याच्या पातळीखाली नेऊ नका, नाहीतर शेत पाणथळ होईल. शेजाऱ्याच्या बांधापासून अंतर सोडा आणि कडा उतरत्या ठेवा.

बोलणी तोंडी ठेवू नका. किती खोल, किती ब्रास, वरची माती कोण परत पसरणार, सारे कागदावर घ्या. शेवटचा हप्ता जमीन सपाट करून मिळाल्यावरच पुरा समजा. तहसील कचेरीचा परवाना आणि स्वामित्वधन यांची पावती पाहा. परवान्याविना खोदाई केली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे दंड होतो.

वरची माती वाचावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ साली वीजकेंद्रांच्या परिसरात विटांमध्ये राख वापरण्याचा नियम केला. सरकारला कळते ती किंमत आपल्यालाही कळायला हवी.

माती परत पसरल्यावर पहिल्या वर्षी उसाची घाई करू नका. भरपूर शेणखत घाला, ताग किंवा धैंचा फुलावर येताच गाडा, मग माती तपासून घ्या आणि पुढचे पीक ठरवा. जमीन हळूहळू सावरते, पण वरचा थर हाती असला तरच.